भिकुबाईनं न घेतलेलं सोंग

खैरवाड्याची भिकुबाई कीर्तनाला उभी राहिली की भिकुबाई उरायची नाही. ती कैकेयी झाली की पुढच्या बाया पदराआड तिला शिव्या घालायच्या, आणि घटकाभरानं तीच भरत होऊन पादुका डोक्यावर घ्यायची तेव्हा त्याच बाया डोळे पुसायच्या. एकदा तिनं शूर्पणखा अशी काही उभी केली की जीवराम पाटलांची मंदाबाई दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिच्याशी बोलेचना. "अक्का, तुम्हनी ती नजर मना डोयासमोरथून जात नही," म्हणाली, आणि घागर उचलून चालती झाली.

खैरवाडं म्हणजे चोपड्याकडून सातपुड्याच्या अंगाला निघालं की केळीच्या बागा विरळ होता होता लागणारं गाव. भिकुबाईचे वडील तोतारामबुवा तिथले शिंपी. दिवसा शिवणयंत्र, संध्याकाळी झांजा. घरात मूल टिकत नव्हतं म्हणून आईनं ही पोटात असताना चार दारी भीक मागितली, आणि मुलगी जगली तशी तिचं नाव भिकू पडलं. लग्न धरणगावला झालं. दोन वर्षांत नवरा मुदतीच्या तापानं गेला आणि सोळाव्या वर्षी भिकू बापाच्या घरी परत आली.

त्यांच्यात विधवेचा पाट लावायला, म्हणजे तिचं दुसरं लग्न करायला, कुणाची आडकाठी नव्हती. दोन ठिकाणांहून विचारणाही झाली. पण तोतारामबुवांनी नकार दिला. बुवाच्या घरात पाट लागला तर आपल्या कीर्तनाला कोण बसेल, ही त्यांची धास्ती. साऱ्या जगाला निर्भय व्हा म्हणून सांगणारा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना इतका भ्यायचा. त्याची मुलगी काय बोलणार? ती त्याला वाढायची, त्याची कापडं धुवायची आणि कीर्तनात त्याच्या मागे उभी राहून झांजा वाजवायची. वाजवता वाजवता सगळी आख्यानं तिला पाठ झाली. एका गोकुळाष्टमीला बुवांची जीभ ऐन आख्यानात लुळी पडली. सगळे घाबरून उठायला लागले, तेव्हा मागची मुलगी पुढे आली आणि तुटलेल्या ओळीपासून पुढे सुरू झाली. बुवा त्यानंतर वर्षभर अंथरुणावर होते. गावाला कीर्तनकार हवा होता आणि दुसरा कुणी नव्हता, म्हणून बाई चालवून घेतली. पुढे तीच त्यांना आवडायला लागली. त्यात मोठेपणा वगैरे काही नव्हता, अडलं होतं म्हणून झालं.

शेजारी नथ्थूभाई पिंजाऱ्याचं घर. मधे कमरेएवढी मातीची भिंत. नथ्थूभाई गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचा, भिकुबाई त्यांच्या खोळी शिवायची. नथ्थूभाईची बायको जैनबबी भिकुबाईच्याच वयाची. राममंदिर एवढंसं, म्हणून कीर्तन समोरच्या निंबाच्या पारावर होई, आणि जैनब निंबाच्या बुंध्याला टेकून बसे. कीर्तनात हुंकार द्यायची रीत नसते, तो गोष्ट ऐकणारी लेकरं देतात. जैनब मात्र द्यायची. रंगली की "हूं". भिकुबाई डोळे मिटून सीता झालेली असली तरी तिचा एक कान त्या "हूं"कडे असे. तो आला नाही की ती समजे, आज काहीतरी खोटं होतंय.

अठ्ठेचाळीस साली हैदराबादेकडून रझाकारांच्या बातम्या येत होत्या. एका संध्याकाळी आख्यान चालू असताना मागून कुणीतरी बोललं, "रामाचं चाललंय इथं, ह्यांचं काय काम?" कोण बोललं ते कुणी सांगितलं नाही, आणि तोंड बंद कर असंही कुणी म्हटलं नाही. जैनब उठली, लुगडं झटकलं आणि गेली. भिकुबाई त्या वेळी अशोकवनात होती, तिला पत्ताच नाही. डोळे उघडले तर निंबाखाली कुणी नव्हतं.

तेव्हापासून जैनब कीर्तनाला आली नाही. भिंतीवरून लोणचं यायचं, भाकरी जायची. भिकुबाईला हिवताप झाला तेव्हा पाण्याच्या पट्ट्या जैनबनंच ठेवल्या. पण कीर्तनाचं नाव काढलं की, "मन्हं काम ऱ्हास व," एवढंच. सहा वर्षं भिकुबाईनं निंबाकडे न बघता कीर्तनं केली. लोक वाहवा करायचे, पण जैनब निंबाखाली परत येऊन बसावी, यापलीकडे तिला काही नको होतं.

चोपन्न साली दिवाळीनंतर कापूस वेचणीला आला होता, तेव्हा सरपंच जीवराम पाटील तिच्या ओट्यावर येऊन बसले. जळगावला त्यांनी कसलं तरी भाषण ऐकलं होतं, ते अजून अंगात होतं.

"अक्का, पुढच्या आठवड्यात मुसलमान मंडळींच्या पैगंबरांची जयंती आहे. पारावर तुमचं आख्यान लावू."

"कोनतं आख्यान?"

"पैगंबरांचं."

"माले कोठे येस ते, आबा?"

"तुम्हाला सगळी येतात. संत तो संत. जन्म, बालपण, छळ, उद्धार. आणि एक लक्षात ठेवा, त्यांनी दारूबंदी केली. मुंबई सरकारनं आत्ता केली, त्यांनी तेराशे वर्षांपूर्वी केली. ते जरा जोरात सांगा."

"जोरमा सांगसू. पन तुम्हना सालदार पुढला रांगमा बसाडू नका. त्याना तोंडना वास मना लगून येस."

जीवराम पाटील हसले आणि ठरलं म्हणून निघून गेले. भिकुबाईच्या डोक्यात दारूबंदी नव्हतीच. हे आख्यान ऐकायला जैनब येणार नाही तर कोण येणार, हेच तिच्या डोक्यात होतं.

नथ्थूभाई त्याच दिवसांत तिच्या अंगणात रजईचा कापूस पिंजत होता. तिनं शिवणयंत्र अंगणात ओढलं आणि विचारायला सुरुवात केली. नथ्थूभाई आधी संकोचला.

"अक्का, मी पिंजारी शे, मौलवी नही. माले जितलं ऐकेल शे तितलं सांगस."

"तितलंच सांग."

पिंजणाची तार टणत्कारत होती आणि मधे मधे तो सांगत होता. जन्माआधीच बाप गेला. आई सहा वर्षांचे असताना गेली. आजोबांनी सांभाळलं, मग ते गेले आणि चुलत्यानं सांभाळलं. बकऱ्या चारल्या. मोठेपणी व्यापाराला गेले. कुणाची ठेव असो, त्यांच्याकडे ठेवली की दाण्याला दाणा परत मिळे. मग हिजरत, म्हणजे मक्का सोडून मदिनेला गेले. मग गुहेत—

"गुहा पह्यली," भिंतीपलीकडून जैनबचा आवाज आला. "हिजरतना आगूदर. कितला साल मिलादमा हाई गोष्ट ऐकस तू, तरी उलटंपालटं सांगस."

"मंग तूच सांग," नथ्थूभाई म्हणाला.

"मन्हा हात पीठमा शे."

भिकुबाईनं टाका घातला. "ते देव व्हतात का, नथ्थूभाऊ? अवतार?"

"नही अक्का. माणूस व्हतात. अल्लाना निरोप लयनारा रसूल, पन माणूस."

"चमत्कार?"

"लोक सांगतस दोन-चार. पन आम्हना मौलवी म्हनस, कुराण हाऊच मोठा चमत्कार. बाकी आपला फाटेल जोडा आपलाच हाते शिवेत. बकरीनं दूध काढेत. कपडाले थिगळ लायेत."

थिगळ लावणारा माणूस भिकुबाईला आवडला, शिंप्याच्या घरची होती ती. पण आख्यान कसं करायचं हे काही तिला उमगेना. अवतार नाही, शाप नाही, उःशाप नाही, आणि श्रोते हात जोडणार कुठल्या जागी?

मग खदीजाबीबींची गोष्ट आली. त्या मक्केतल्या मोठ्या व्यापारी, आणि विधवा. वयानं थोर. त्यांनी या तरुण माणसाचा खरेपणा पाहिला आणि आपणहून निरोप धाडला. लग्न झालं. पुढे डोंगरावरच्या गुहेत पहिल्यांदा आकाशवाणी झाली, तेव्हा पैगंबर थरथरत घरी आले. मला पांघरूण घाला, म्हणाले. बीबींनी पांघरूण घातलं, धीर दिला, आणि सगळ्या जगाआधी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

"त्यानी सोता निरोप धाडा?" भिकुबाईनं विचारलं.

"सोता."

"आन् लोकेस्नी काय म्हनं?"

"काय म्हन्तीन? म्हनतस ते म्हनं व्हई," नथ्थूभाई म्हणाला आणि तार पुन्हा टणत्कारली.

त्या दिवशी भिकुबाईनं एकच खोळ दोनदा उसवली. बापाच्या ओट्यावरून परत गेलेली ती दोन माणसं तिला आठवली. त्यांतला एक तिनं चोरून पाहिला होता. तिनं कुणाला निरोप धाडला नव्हता. असा निरोप धाडता येतो हेच तिला ठाऊक नव्हतं. तिच्या सगळ्या आख्यानांत अशी बाई नव्हती.

आता तिला आख्यान सापडलं. दुसऱ्या दिवशी नथ्थूभाई पिंजायला बसला असताना तिनं ओट्यावर तालीम धरली. इतरांचं करायची तसंच तिनं याही आख्यानाचं केलं. गुहेतून घरी येण्याची जागा आली तशी ती दोरीवरची घोंगडी ओढून अंगाभोवती लपेटून बसली, दातांवर दात वाजवले आणि खोल गेलेल्या आवाजात बोलली, "मला पांघरूण घाला, माझा थरकाप होतोय." सोंग फार चांगलं उतरलं होतं, हे तिला स्वतःलाच कळलं.

तार थांबली. नथ्थूभाई उठला. पिंजण भिंतीला टेकवलं, पायात जोडे सरकवले आणि फाटकाबाहेर गेला.

पिंजारी माणूस अर्धा पिंजलेला कापूस उघडा टाकून कधी उठत नाही. जेवायला उठला तरी वर फडकं घालून जातो, कारण वाऱ्याची एक झुळूक आली की सकाळभराची मेहनत अंगणभर होते. नथ्थूभाई तसाच गेला. कापूस पेरूच्या झाडाला लागला, तुळशीला लागला. भिकुबाई घोंगडी लपेटून ओट्यावर बसून राहिली.

थोड्या वेळानं जैनब आली. भिंतीवरून नाही, फाटकातून. हातात जुनी चादर होती. तिनं कापूस गोळा केला, वर चादर पसरली, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि मग ओट्याच्या पायरीवर बसली.

"तो कापूसकरता धाडस माले," ती म्हणाली. "सोता येत नही."

"मन्हं काय चुकनं?"

"तुले ठावं नव्हतं."

"काय ते सांग ना व."

जैनबनं बोटाला चिकटलेला कापूस काढला. "त्येस्नं सोंग कोनी नही करतस, भिकू. तसबीर नही, मूर्त नही, सोंग बी नही. तू त्येस्ना आवाज काढा. त्याना जीव उडी गया."

"मी राम व्हस तवय तू 'हूं' करेस."

"तुम्हना राममा तुम्ही व्हतस. आम्हनामा नही."

भिकुबाईनं घोंगडी अंगावरून काढून घडी घातली. वाईट हेतूनं केलं नाही म्हणणार होती, पण हेतू कुणी काढलाच नव्हता.

"मंग तुम्ही त्येस्ले आठवतस कसं?" तिनं विचारलं. "मूर्त नही, तसबीर नही, सोंग नही. डोयासमोर काय लयतस?"

जैनबला या प्रश्नाचं नवल वाटलं. "ते कसं जेवेत, कसं बसेत, कोनसंगे काय बोलेत. पानी बसीसन पेत. म्हनीसन मी बी बसीसन पेस."

भिकुबाईनं तिच्याकडे पाहिलं. विहिरीवर पाणी शेंदून झालं, उन्हानं जीव चाललेला असला, मागे बायांची रांग असली, तरी जैनब आधी खाली टेकायची आणि मग ओंजळ तोंडाला लावायची. इतकी वर्षं भिकुबाई ते बघत होती.

"माले वाटे तुन्हा टोंगळा दुखतस," ती म्हणाली.

जैनब हसली. मग गंभीर झाली. "तू आख्यान करू नको अशी नही म्हनत मी. सांग. पन कोनी व्हऊ नको."

"मंग मी कोन व्हऊ?"

"कोनीच नही. भिकू ऱ्हाय."

"तू येशी का?"

"देखसू," जैनब म्हणाली, आणि चादरीचा एक दगड उगाचच सारखा करून गेली.

ते चार दिवस भिकुबाईचे वाईट गेले. ज्या बाईला कुणीतरी झाल्याशिवाय दोन वाक्यं बोलता येत नाहीत, तिला कुणीच होऊ नको म्हणणं म्हणजे गवयाला ओठ मिटून गा म्हणण्यासारखं. ती बोलायला लागली की हात आपोआप उठत. शेवटी तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून तालीम केली. पुना पेटीवाला साथीला बसला होता. तो म्हणाला, "अक्का, हिव वाजस का?"

तिकडे जीवराम पाटलांनी शाळेच्या लीलाधर गुरुजींना जळगावला तसबीर आणायला पाठवलं होतं. जयंती म्हटली की खुर्चीवर तसबीर, तसबिरीला हार. तसबिरीच्या दुकानदारानं गुरुजींना बाकावर बसवून, चहा पाजून, अशी तसबीर जगात कुठेच नसते हे समजावून सांगितलं. गुरुजी नुसता हार घेऊन परत आले.

"मग हार घालायचा कुणाला?" जीवराम पाटलांनी विचारलं.

"प्रश्न आहे," गुरुजी म्हणाले.

हार खुर्चीच्या पाठीवर ठेवला गेला. मोठा होता, झेंडूचा.

जयंतीच्या दिवशी ऊन उतरल्यावर पारासमोर गाव जमलं. पिंजारी आणि सातपुड्याकडची मुसलमान तडवी मंडळी चावडीच्या भिंतीला धरून उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसेनात. नथ्थूभाई त्यांच्यात होता, सगळ्यांत मागे. निंबाखाली कुणी नव्हतं. लीलाधर गुरुजींनी पुस्तकात होतं तेवढं सांगितलं: अरबस्तानातले थोर समाजसुधारक. जीवराम पाटलांनी दारूबंदी सांगितली. मागून कुणीतरी खोकलं, आणि बरेच जण खाली मान घालून हसले.

भिकुबाई उभी राहिली. हात पदरात. तिनं सरळ सांगून टाकलं की आज मी कुणाचं सोंग घेणार नाही, शेजाऱ्यांच्या घरची गोष्ट शेजारणीनं सांगावी तशी सांगणार. श्रोत्यांत थोडी निराशा पसरली, ते दिसत होतं. ती सांगत गेली. वाळूचा देश, पाण्याची वाण, बाप गेलेला, आणि मक्का नावाच्या गावात आमिनामाईच्या पोटी मूल जन्माला आलं.

ती एवढं म्हणते न म्हणते तोच देवळाच्या बाजूनं गडबड झाली. मंदाबाई आणि चार-पाच बाया रामनवमीचा पाळणा घेऊन आल्या. फुलं बांधलेली, वर रेशमी दोरी, आत कुंची घातलेला नारळ. एकीच्या हातात सुंठवड्याची परात. त्यांनी पाळणा पारावर टेकवला, मंदाबाईनं दोरी हातात घेतली आणि "जो बाळा जो" सुरूसुद्धा केलं. बाया मागे गायला लागल्या. पुना पेटीवाल्याची बोटं सवयीनं पेटीवर पडली.

चावडीच्या भिंतीशी उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तडव्यांतला एक म्हातारा वळला. नथ्थूभाईनं मान खाली घातली.

पाळणा मधेच थांबवणं अपशकुनाचं. त्या गावात ते आजवर कुणी केलेलं नव्हतं. भिकुबाईनं पदरातून एक हात काढला आणि पेटीच्या भात्यावर ठेवला. सूर मेला. बाया दोन ओळी तशाच गायल्या आणि थांबल्या.

"मंदावहिनी, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

मंदाबाईचा चेहरा पडला. "कसाले, अक्का? जलम शे ना आज? पाळणाबिगर जलम व्हस का कोठे? आम्ही काय परकं मानतस का?"

त्यात खोट काहीच नव्हती. बिचारीनं सकाळपासून फुलं ओवली होती. रामाला घालायची ती कुंची तिनं पेटीतून काढली होती, आणि ती काही कुणासाठीही निघत नव्हती. इकडे मंदाबाई डोळ्यांत पाणी आणून उभी, तिकडे ती माणसं पाय उचलायच्या बेतात, आणि भिकुबाई मधे, एक हात पदरात आणि एक पेटीवर.

"मंदा, तो नारळ काढ त्येमाथून," निंबाच्या मागच्या बाजूनं आवाज आला.

जैनब तिथे केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. ती पुढे आली, पाळण्यातला नारळ कुंचीसकट उचलला, कुंची नीट घडी करून मंदाबाईच्या हातात दिली आणि नारळ परातीशेजारी ठेवला.

"आम्हनामा त्येस्नी मूर्त नही ऱ्हास, नारळनी बी नही. तुले कोनी सांगं नही, तू काय करशी? पन सुंठोडा वाट. सुंठोडा चालस."

"खरंच चालस?"

"तुन्हा हातना सुंठोडा कितला साल व्हयनात, खाधा नही मी."

मंदाबाईनं नाक पुसलं आणि परात उचलली. ती आधी चावडीच्या भिंतीकडे गेली. वळलेल्या म्हाताऱ्यानं हात पुढे केला. सुंठवडा खाताना माणसं खाली बसली, कारण उभ्यानं खायला कुणालाच सोयीचं नव्हतं. आणि जैनब निंबाच्या बुंध्याला टेकली.

"सांग आते," ती म्हणाली. "दूधमायपर्यंत उनी व्हतीस."

भिकुबाई तिथवर आली नव्हती, पण तिनं तिथूनच सुरू केलं. त्या मुलाला घरी पाळणा लाभला नाही, असं तिनं बायांना सांगितलं. शहरातली लेकरं गावाकडच्या दाईंकडे द्यायची तिथली रीत. दाई आल्या. बाप नसलेलं पोर कुणी घेईना, कारण मागे देणारं-घेणारं कोण? हलीमा नावाची एक दाई मरतुकड्या गाढवीवर बसून सगळ्यांच्या मागून आली होती. तिला दुसरं मूल मिळालं नाही, म्हणून तिनं हे घेतलं. "कुणाला नको होतं ते," भिकुबाई म्हणाली. रिकामा पाळणा तिच्या बाजूला तसाच होता, आणि बाया त्याच्याकडे बघत ऐकत होत्या.

मग तिनं खदीजाबीबी सांगितल्या. "बायांनो, ती विधवा होती. आणि निरोप तिनं धाडला." एवढं बोलून ती थांबली. सोंग घ्यायची सवय असलेली माणसं अशा जागी दुसऱ्याच्या तोंडानं रडून घेतात. तिला ती सोय नव्हती. पदरातल्या हातांनी तिनं पदरच धरून ठेवला. मागे बसलेल्या दोन-तीन पांढऱ्या कपाळांच्या बायांनी मान वर केली. मग भिकुबाईनं पुढचं वाक्य घेतलं, साधंच: ते डोंगरावरून घरी आले, थरथरत होते, आणि तिनं पांघरूण घातलं, ते खोटं बोलणारे नाहीत हे तिला ठाऊक होतं.

"हूं," निंबाखालून आलं.

भिकुबाईचे डोळे उघडेच होते. तरी तिनं तिकडे पाहिलं नाही. पुढचं सगळं ती भराभर सांगत गेली: ताइफ गावच्या लोकांनी मारलेले दगड, मदिना, जोड्याला घातलेले टाके, आणि शेवटी ज्यांनी हाकललं त्यांच्याच गावात परत येऊन त्यांना दिलेली माफी. काही मागचंपुढचं झालं. हिजरतीचं तिनं चुकीच्या जागी घातलं, तेव्हा चावडीच्या भिंतीकडून नथ्थूभाई न राहवून म्हणाला, "आगूदर, अक्का, आगूदर," आणि जैनब म्हणाली, "आते हाऊ शिकाडस."

शेवटी भिकुबाईनं सांगितलं की मी त्यांना पाहिलं नाही, त्यांचं पुस्तक मला वाचता येत नाही, माझ्या अंगणात जेवढं आलं तेवढं मी सांगितलं. आणि विहिरीवरच्या पाण्याची गोष्ट सांगितली. "तीस वर्षं मला वाटत होतं, आमच्या जैनबचे गुडघे दुखतात." गाव हसलं. जैनबनं पदर तोंडाला लावला.

कीर्तनकाराला हार घालतात, तशी खुर्चीवरच्या हाराची अडचण मिटली. जीवराम पाटलांनी तो तिच्या गळ्यात घातला आणि दारूबंदीचं राहिलं, असं हळूच म्हणाले. भिकुबाईचा घसा पार कोरडा पडला होता. पुनानं तांब्या पुढे केला. तिनं तो उभ्यानंच तोंडाला लावायला उचलला, मग काय वाटलं कोण जाणे, पाराच्या कडेला बसली आणि प्याली.

"का व," निंबाखालून जैनब म्हणाली, "आते तुन्हा बी टोंगळा दुखतस का?"

"दुखतस," भिकुबाई म्हणाली. "वय व्हयनं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी नथ्थूभाई आला, चादरीवरचे दगड काढले आणि उरलेला कापूस पिंजायला बसला. रजई थंडीआधी शिवून झाली. चैत्रात रामनवमीला मंदाबाईनं तोच पाळणा बांधला, तीच कुंची घातली. भिकुबाई कौसल्या झाली, हात मोकळे सोडून, आणि दोरी कुणी हलवायची यावरून बायांची नेहमीसारखी भांडाभांडी झाली. जैनब निंबाला टेकून सुंठवड्याची वाट बघत होती.